थुंकीची डबी

मी खोकल्याचं मूळ शोधणारी मशीन बोलतेय. अंगावर फडकं टाकून मला कोपऱ्यात ठेवलंय, म्हणून आवाज दबका येतोय. खरं तर लाजेनंच तो दबलाय.

मुरुडच्या रस्त्यावरच्या एका ग्रामीण रुग्णालयात मी राहते. थुंकीत दडलेला जंतू दुर्बिणीखाली पुष्कळदा सापडत नाही. कार्ट्रिज नावाच्या, एकदाच वापरायच्या कुपीत भरून दिलेल्या त्या थुंकीला मी तापवते, निववते, पुन्हा तापवते. जंतूच्या डीएनएचा तुकडा असेल, तर एकाचे दोन, दोनाचे चार करत तो इतका वाढवते की त्याला लपायला जागा उरत नाही. तासा-दोन तासांत मी त्याचं नाव सांगते. नेहमीचं औषध त्याला लागू पडेल का, तेही सांगते.

याचा मला फार अभिमान होता. क्रांती आली आणि तो उतरला.

ती थळची लेक, इकडे सून म्हणून आलेली. खोकून खोकून बरगड्या दिसू लागल्या होत्या. सोबत सासू नीराबाई. दोघींनी तोंडं झाकलेली, कोणी ओळखीचं भेटेल म्हणून.

माझं उत्तर आलं. टीबी, आणि तोही नेहमीच्या गोळ्यांना न जुमानणारा.

मला चालवणारा सुजित हळूच म्हणाला, "ताई, औषध वेगळं लागेल. पण बऱ्या व्हाल."

नीराबाई सुनेपासून सरकून बसली. "आमचे घरान असली बीमारी नव्हती. हिचे बापाला फोन लावा, नेऊ दे माहेरी." एवढं बोलून ती एकटीच एसटीला गेली.

क्रांती बाकावर बसून राहिली. संध्याकाळी तिचे वडील बुधाजी टेम्पो घेऊन आले. लेकीला काही न विचारता त्यांनी तिची पिशवी उचलली.

मी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. तरी त्या रिकाम्या बाकाकडे मला बघवेना.

गोळ्या कडक होत्या. ओकाऱ्या व्हायच्या, तळपाय बधिर पडायचे. "बंद करू का?" असं ती सुजितला कितीदा तरी विचारायची, आणि पुढच्या गोळ्या घेऊन जायची. ती बरी झाली. नवरा केतन तिला घरी घेऊन गेला.

गेल्या आठवड्यात ती पुन्हा आली, नीराबाईला हाताला धरून. सासू कितीतरी दिवस खोकत होती आणि शेजारपाजाऱ्यांपासून लपवत होती.

सुजितनं मान खाली घातली. "मावशी, मशीनच्या कार्ट्रिज संपल्यात. थुंकी जिल्ह्याला पाठवतो, पण उत्तर यायला वेळ लागेल."

नीराबाई सुटल्यासारखी उठली. "मंग राहू दे. चल घरी."

"बसा, आई. थुंकी दिल्याबिगर जायचा न्हाय."

नीराबाई उभीच राहिली. मग पुटपुटली, "तुला मी हितंच टाकून गेलते."

"व्हय," क्रांती म्हणाली. "मी न्हाय जानार."

म्हातारी खाली बसली. सुजितनं दिलेली थुंकीची डबी तोंडाशी धरून ती खोकली.

ती डबी खोक्यातून जिल्ह्याला गेली, उत्तर अजून आलेलं नाही. घरात दोन लहान नातवंडं आहेत आणि नीराबाई अजून खोकतेय. माझा दिवा रोज लागतो, पोट मात्र रिकामं.

माझं एवढंच मागणं आहे, मला कार्ट्रिज आणून द्या. लाज गिळून इथवर आलेल्या बाईला माझ्या दारात "वेळ लागेल" असं ऐकवू नका.