मला कुणी हलवलं नव्हतं

मी एक जुना बाहुला आहे. माझं वय फार नाही, पण अंग जुन्या वस्तूंचं आहे. मिरजेत दस्तगीर अब्बांच्या घरी तानपुरे बनायचे. तिथल्या फुटक्या भोपळ्याच्या तुकड्याचं माझं डोकं, तुटलेल्या तारेचे हातपाय आणि जुन्या लुंगीचा सदरा. मला घडवलं अब्बांच्या सुनेनं, सुरय्यानं. मिशी मात्र अब्बांनी स्वतः चिकटवली. बाहुला त्यांच्यासारखाच करायचा होता, मग मिशी तरी नीट नको?

मित्रांनो, सुरय्याची रुमाना तेव्हा तान्ही होती. गल्लीतून डीजे गेला की ती दचकून उठायची आणि निळी पडेपर्यंत रडायची. सुरय्याला आणखी एक काळजी होती. तानपुऱ्याच्या तारा ज्या घोडीवर टेकतात, ती घोडी अब्बा कानशीनं जराशी घासायचे, तार छेडून ऐकायचे, पुन्हा जराशी घासायचे. याला जवारी काढणं म्हणतात. सूर भरून आला की थांबायचं. ते कळतं फक्त कानाला. आणि हल्ली अब्बा मान वळवून उजवाच कान तारेकडे न्यायचे. घरात हे एकट्या सुरय्याच्या लक्षात आलं होतं.

म्हणून तिनं माझी फिल्म करायला घेतली. डब्याला मोबाईल टेकवायचा, मला केसभर हलवायचं, फोटो काढायचा. पुन्हा केसभर, पुन्हा फोटो. ते फोटो भरभर पळवले की मी चालायचो. अब्बा म्हणाले, "हे तर जवारीवानीच झालं की." फोटो काढायचा धाकटा दीर मतीन. काड्यापेट्यांची डीजेची भिंतही त्यानंच रचली. गोष्ट साधी होती. म्हातारा तानपुरा जुळवतोय, दारात ती भिंत येते, म्हातारा कान झाकतो. माझे हात कानांपर्यंत न्यायला सुरय्याला अख्खी दुपार लागली.

आणि नेमकी तेव्हाच खालून डीजे लावलेली कुणाची तरी वरात गेली. टेबल हादरलं. मी थरथरू लागलो. सुरय्या मला धरायला धावली, तर मतीन म्हणाला, "असू दे भाभी, घेतो मी तसंच."

फिल्म गावभर फिरली. विश्रामबागेतल्या एका कॉलेजातही दाखवली. थरथर लय भारी जमवली, असं जो तो म्हणायचा. "मी त्याला हलवलंच नव्हतं," असं सुरय्या सांगायची. लोकांना तो तिचा विनय वाटायचा.

पुढच्या वर्षी मतीनचं लग्न ठरलं. नवरी उंब्रजची. मतीननं डीजे सांगितला. सुरय्यानं मला उचलून त्याच्यासमोर धरलं. तो हसला. "भाभी, फिल्म येगळी. लग्न एकदाच होतंय. दोस्त काय म्हंतील?"

अब्बा म्हणाले, "जाऊ दे गं. पोराची हौस हाय."

वरातीच्या दिवशी सुरय्या रुमानाला घेऊन मागच्या खोलीत बसली. अब्बांना तिनं कापसाचे बोळे दिले होते. पाव्हण्यांसमोर बरं दिसत नाही म्हणून त्यांनी ते खिशात ठेवले. नवरदेवाचा बाप म्हणून पोरांनी त्यांना हाताला धरून डीजेच्या पेट्यांच्या अगदी पुढ्यात उभं केलं.

दुसऱ्या दिवशी अब्बा कामाला बसले. तार छेडली. मान वळवून पुन्हा छेडली. मग हळूच विचारलं, "सुरय्या, वाजतोय का गं?"

तानपुऱ्यानं सगळं घर भरलं होतं.

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. सगळे झाले. डावा कान आधीच गेला होता, आता उजवाही गेला. मतीन अब्बांसमोर मान वर करत नाही. कानस खिळ्याला लटकलेली आहे.

मित्रांनो, माझी फिल्म कुठं दिसली तर टाळ्या वाजवू नका. तुमच्या घरी लग्न निघेल तेव्हा मला आठवा. पेट्या लावण्याआधी बघून या, बाळ कुठं निजलंय, म्हातारं माणूस कुठं उभं आहे. दुसऱ्याच्या दारातला आवाज सगळ्यांनाच मोठा वाटतो.

आता कधीकधी अब्बा मला तानपुऱ्याच्या लाकडी छातीवर उभा करतात. रुमाना तार छेडते. मी थरथरतो. माझ्याकडे बघून अब्बा म्हणतात, "वाजला." पण सूर भरला की नाही, हे मला बघून कळत नाही. माझे हात अजून कानांवरच आहेत. ते खाली घ्यायचा सुरय्याला धीर होत नाही.