नेहमीप्रमाणे

पाचही कप्प्यांत एकच शब्द होता. जेवण नेहमीप्रमाणे, झोप नेहमीप्रमाणे. चालणं, बोलणं, औषधं, सगळं नेहमीप्रमाणे. एका दिवसात माणूस पाचही बाबतींत इतका जागच्या जागी राहत नाही, असं तिला वाटलं आणि ती त्या नोंदीवर थांबली.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे नर्स जायच्या आणि प्रत्येक भेटीची नोंद टॅब्लेटवरून इथे ऑफिसात पाठवायच्या. नोंद म्हणजे नावं दिलेल्या कप्प्यांचा संच. ठरलेले सगळे कप्पे आलेत का, त्यांत जे असायला हवं तेच आहे का, हे तपासणारा कोड ती लिहायची. बरीच वर्षं तेच करत होती.

शेजारच्या टेबलवर बसणाऱ्याला ऑफिसात सगळे वादळ म्हणत.

"हे काय केलंयस?" तिने विचारलं.

"कुठे काय? नर्सबाई एखादा कप्पा विसरल्या की तुमची तपासणी अख्खी नोंद परत पाठवते. मग त्या माझ्या नावाने खडे फोडतात. म्हणून जो कप्पा येत नाही, त्यात आधी आपल्या कोडनेच 'नेहमीप्रमाणे' भरून टाकायचं."

"आणि मग तपासायचा."

"एकदम पास! आठवडाभर एक तक्रार नाही, मॅडम."

"तक्रार कोण करणार? या आजींनी दारच उघडलं नाही, नर्सने शेऱ्यात लिहिलंय. आपण मात्र त्यांना जेवू घालून झोपवलं."

वादळ हसला आणि मध्येच थांबला. "बाप रे. मग त्या आहेत कुठे?"

तिने नर्सला फोन लावला. आजी लेकीकडे गेल्या होत्या, ठणठणीत होत्या.

"सुटलो," वादळ म्हणाला.

तिने कोडमधल्या त्याच्या ओळी काढून टाकल्या. न आलेला कप्पा आता 'आला नाही' असाच दिसणार होता. "उद्या ओरड्याचे फोन माझ्याकडे दे," ती म्हणाली आणि डोळे चोळत बसून राहिली.

तिच्याही घराला कुलूप होतं, तिनेच लावलेलं. आईने गॅस उघडा ठेवला, त्या दिवसापासून ती आईला आत ठेवून कामावर येत होती. दुपारी एक बाई दुसऱ्या किल्लीने दार उघडून आईला जेवण द्यायच्या. वृद्धाश्रमातली खोली उद्यापर्यंतच राखून ठेवू, असं सकाळी तिथून पुन्हा सांगितलं होतं. तिने पुन्हा "कळवते" म्हटलं होतं. परगावच्या भावाला यातलं काहीच माहीत नव्हतं.

संध्याकाळी तिने दार उघडलं तेव्हा आई पर्स मांडीवर घेऊन दाराशीच बसली होती.

"बरं झालं आलात," आई म्हणाली. "मला इथे कोंडून ठेवतात हो."

"कोण ठेवतं?"

"आहे एक बाई. तशी स्वभावाने वाईट नाही. पण कोंडते." आईने तिच्याकडे निरखून पाहिलं. "तुम्ही दमलेल्या दिसता. बसा ना."

ती चपला न काढताच बसली. तेवढ्यात भावाचा रोजचा फोन आला.

"काय गं, आई कशी आहे? नेहमीसारखीच ना?"

शब्द ओठांवर आलाच होता. रोज हेच सांगून ती फोन ठेवायची.

"नाही," ती म्हणाली. "मला ओळखत नाही, दादा. बरेच दिवस झाले. मी कामावर जाताना तिला कुलूप लावून जाते."

"आणि हे तू मला आत्ता सांगतेस?"

"हो."

"अगं, मग पूर्णवेळ कुणी ठेव ना. पैसे मी पाठवतो."

"ठेवल्या होत्या. दोघी सोडून गेल्या."

"म्हणजे आता आश्रमात टाकणार आहेस का तिला? मला विचारल्याशिवाय?"

आईने पर्स उघडून रुमाल काढला आणि परक्या माणसाला द्यावा तसा अदबीने तिच्यापुढे धरला. तेव्हा कुठे तिला कळलं की आपण रडतोय. तिने रुमाल घेतला.

"विचारत नाहीये, दादा," ती म्हणाली. "उद्या सकाळी मी आईला तिथे घेऊन जाणार आहे."