बोटभर जागा

माझी लेक बस चालवते. रविवारी ती ठमीचं आठवड्याचं जेवण शिजवते. भोपळा, गाजर, मटार वाफवायचे, घोटायचे आणि जॅमच्या, कॉफीच्या धुतलेल्या बरण्यांत भरून फ्रीझरमध्ये. ठमी म्हणजे माझी नात, सात महिन्यांची. चमचा दिसला की अख्खं तोंड उघडते, आत दीड दात.

लेकीचा नियम एकच. "आई, वर बोटभर जागा सोड. गोठलं की फुगतं."

मला मेलीला रिकामी जागा बघवत नाही. ती अंघोळीला गेली तेवढ्यात मी पाच बरण्यांचं चारांत बसवलं, काठोकाठ, झाकणं घट्ट. जागा वाचवली म्हणून स्वतःवर खूश.

मंगळवारी सकाळी भोपळ्याची बरणी कोमट पाण्यात धरली, वाटीत काढली, भरवायला बसले. तोंडाने मगरीची गोष्ट चालूच. मी मगरीच्या पोटात तीन दिवस राहिले, शेवटी तिलाच माझी बडबड सोसेना. चौथा चमचा गेला. पाचवा भरताना वाटीत टक् झालं.

बोटानं चाचपलं. काच. तांदळाएवढी.

बरणी उलटी केली. तळाला तडा, कडेला खड्डा, माझ्या करंगळीच्या नखाएवढा. मग बाकीची काच कुठे? ठमी पाचव्या चमच्यासाठी तोंड उघडून हसत होती. उजेडात धरून आत बघितलं. रक्त नव्हतं. वाटीतलं घाईघाईनं गाळणीवर ओतलं, निम्मं जमिनीवर. तेही गुडघ्यावर बसून चिवडलं. काही नाही.

तिसऱ्यांदा लावला तेव्हा लेकीनं फोन उचलला, थांब्यावर असावी.

"ठमीच्या पोटात काच गेली असेल गं."

"आई, मागच्या आठवड्यात तिनं चावी गिळली होती. मी डेपोतून धापा टाकत आले, तर चावी तुझ्या कमरेला."

"ती गंमत होती. आता खरं सांगतेय."

"हे तू दर वेळी म्हणतेस. गाडीत माणसं बसलीयत. ठेव."

जन्मभर थापा मारून लोकांना हसवलं, आणि आज माझं एक सरळ वाक्य कुणी घेईना.

"पोरी, मी बोटभर जागा सोडली नव्हती. तू अंघोळीला गेलीस तेव्हा काठोकाठ भरली. चूक माझी आहे."

माझ्या गोष्टींत चूक कायम दुसऱ्याची असते, हे तिला लहानपणापासून ठाऊक.

"फ्रीझरमध्ये बघितलंस?"

नव्हतं बघितलं. बरणी ठेवलेल्या जागी बर्फात काहीतरी केशरी चिकटलेलं. लाटण्यानं ठोकून काढलं. काचच. खड्ड्यात लावली, शेजारी तांदळाएवढी लावली.

"बसली?"

"बसली. पण तिळाएवढी फट राहिलीय."

"तिला काही भरवू नकोस. बरणी पिशवीत घाल आणि दवाखान्यात ये. मी कुणालातरी बस देऊन निघते."

दवाखान्यात ठमीच्या पोटाचा एक्स-रे फोटो काढला आणि आम्हाला बाकावर बसवलं. भुकेनं ठमीनं रडून दवाखाना डोक्यावर घेतला. लेक गणवेशातच होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "गोष्ट सांग तिला. भूक तरी विसरेल."

"आठवत नाहीये."

"मगरीची."

"एक मगर होती," मी म्हटलं, "तिच्या पोटात..." आणि पुढे शब्दच येईना.

मग लेकीनंच सांगितली. तिच्या गोष्टीत मी चार दिवस राहिले. मधेच तिचा आवाज फाटला, तरी ती थांबली नाही.

डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. "फोटोत काच दिसत नाही. पण दोन दिवस लंगोट नीट बघा. रक्त दिसलं, उलटी झाली, पोट फुगलं, तर लगेच या."

आज दुसरा दिवस. प्रत्येक लंगोट मी खिडकीशी नेऊन उजेडात धरते, चष्म्यावर चष्मा लावून. फ्रीझरमध्ये आता आइस्क्रीमचे धुतलेले डबे आहेत. त्यांत वर बोटभर जागा रिकामी आहे, आणि मी तिकडे बघतसुद्धा नाही.