बारा दहाची बस

सीमंतिनीने शेवटच्या पेनाभोवती कागद गुंडाळला, वर रबर चढवलं आणि ते पेन परातीत बाकीच्यांशेजारी ठेवलं. चाळीस पेनं, चाळीस कागद. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा हेच वाण लुटायचं तिने ठरवलं होतं. स्टीलच्या वाट्या आणि प्लॅस्टिकचे डबे आता कुणाच्याच कपाटात मावत नाहीत, तेव्हा पेन बघून कुणी नाक मुरडणार नाही असा तिचा अंदाज होता. कागदाचं मात्र तिने आधी कुणाला सांगितलं नव्हतं.

कागदावर तीन प्रश्न होते. दुपारी कुठे जाता? कशाने जाता? बस असेल तर जाल का?

शहर बसच्या ऑफिसात सीमंतिनीची कंत्राटी नोकरी होती. कोणत्या रस्त्याने किती बस धावतात, त्यात किती माणसं बसतात, याचे तक्ते तिने करायचे. शिंदे की छावनीतून फूलबाग आणि पडाववरून स्टेशनला जाणारी दुपारी बारा दहाची बस बंद करायची असं तिच्या साहेबांच्या, म्हणजे भदौरियांच्या मनाने घेतलं होतं. दोन माणसं आठ दिवस स्टॉपवर रजिस्टर घेऊन उभी राहिली होती आणि दर फेरीला सरासरी सहा प्रवासी भरले होते. साहेब काही वाईट माणूस नव्हते. शहराबाहेरच्या नव्या वस्त्यांमधून रोज बससाठी अर्ज येत होते आणि गाड्या तर मोजक्याच होत्या.

"मैडम, बारा-दस वाली में सिर्फ़ हवा सफ़र करती है," ते म्हणाले होते.

सीमंतिनीने भर मीटिंगमध्ये विरोध केला. सकाळची कामं उरकून बाई मोकळी होते तीच मुळी बाराला, ही बस बायकांची आहे, तिने सांगितलं. रजिस्टर घेतलेला परका पुरुष समोर दिसला की बायका उत्तर न देता पुढे सरकतात, हेही सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि सोमवारपर्यंत हे कागदावर दाखवा म्हणाले. नाही दाखवता आलं तर बस बंद.

एवढ्या बायका एका जागी आणायच्या कुठून, या विचारात दोन दिवस गेले आणि मग तिला आठवलं की शनिवारी आपल्याच घरी हळदीकुंकू आहे. छावनीतली, दाल बाज़ारातली, पार कंपूपर्यंतची मराठी घरं त्या दिवशी आपल्या पायांनी चालत येणार. या युक्तीवर ती स्वतःच इतकी खूश झाली की नोएडात नोकरीला असलेल्या उत्कर्षला, म्हणजे नवऱ्याला, तिने फोन करून दोनदा सांगितली.

स्वयंपाकघरात सासूबाई दुपारपासून तिळाच्या वड्या थापत होत्या. कुमुदिनीबाईंना ती आई म्हणायची. चार वाजता जिन्यात पहिल्या चपला वाजल्या तसा आईंनी स्वयंपाकघराचा पडदा ओढून घेतला. सासरे गेल्यापासून ही तिसरी संक्रांत, आणि तिन्ही वर्षं हा पडदा असाच ओढला जात होता. ओढा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ओढू नका असंही कुणी म्हटलं नव्हतं.

कार्यक्रम झकास झाला. बायकांनी पेनांचं कौतुक केलं, कागद पाहून थट्टा केली. पहिल्या नंबराला साडी आहे का, असं शेजारच्या सुधाताईंनी विचारल्यावर सगळी बैठक हसली. पण लिहिलं सगळ्यांनी. सतरंजीवर ओणव्या होऊन, एकमेकींचे कागद बघत, शाळेच्या परीक्षेसारखं लिहिलं. सुधाताई मध्येच मान वर करून म्हणाल्या,

"अगं, पण बस कशाला हवीये? मला कुठे जायचं असलं की हे गाडी काढतात. नाहीतर मुलगा आहेच, विहंग ड्रॉप कर देता है."

सीमंतिनी हसली आणि वडीचं ताट पुढे केलं. तेव्हा तिच्या काही लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते साडेसहाला, बैठक रिकामी झाल्यावर. सदतीस कागद भरून आले होते. बसने जाऊ म्हणणाऱ्या चार होत्या, त्यातल्याही दोघींनी पुढे 'पाहू' असं लिहिलं होतं. बाकीच्यांच्या अक्षरात तेवढा फरक, मजकूर एकच. हे सोडतात. मिस्टरांबरोबर. ह्यांच्या गाडीवर. तिने कागद पुन्हा चाळले, जणू दुसऱ्यांदा काही वेगळं निघणार होतं. भदौरियांना जो पुरावा आठ दिवसांत धड मिळाला नव्हता तो तिने घरी बोलावून, वर तिळगूळ देऊन गोळा केला होता. कागद फाडून टाकावेत असं तिला एकदा वाटलं. मग त्या वाटण्याचीच लाज वाटली, आणि रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

ती गठ्ठा घेऊन स्वयंपाकघरात गेली. आई कपबशा विसळत होत्या. तिने सगळं सांगितलं. बस बंद होणार, मीटिंगमध्ये आपण केवढ्या तोऱ्यात बोललो, आणि आता हे असं. आईंनी हात पुसले, चष्मा लावला आणि ओट्याशी उभ्या उभ्या एकेक कागद वाचून काढला. सव्वीस वर्षं त्यांनी डबऱ्याच्या सरकारी शाळेत मुलींना गणित शिकवलं होतं. कागद हातात आला की तो शेवटपर्यंत वाचायचा ही सवय सुटलेली नव्हती.

"सगळ्यांना सोडणारं कुणी ना कुणी आहे," त्या म्हणाल्या. मग पहिला कागद परत वर घेतला. "हा कुणासाठी काढलास तू?"

"बायकांसाठी."

"मग मला नाही दिलास."

आवाजात तक्रार नव्हती. मीठ संपलंय हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं. सीमंतिनीला मात्र कुणी भर चौकात हाताला धरून उभं केल्यासारखं झालं. ज्या बाईला गाडीवर सोडायला कुणी नाही, तिला या बैठकीचं बोलावणंच जात नाही. स्टॉपवरच्या दोन माणसांनी जे केलं तेच तिने घरात केलं होतं, आणि तेही हसतमुखाने. पडद्याच्या अलीकडे ती सदतीस जणींना बसचं विचारत होती आणि पलीकडे आई वड्या थापत होत्या.

"चुकलं माझं, आई," ती म्हणाली.

"ते राहू दे. पेन आण."

पहिल्या प्रश्नापुढे आईंनी लिहिलं, कुठेच नाही. दुसऱ्यापुढे रेघ ओढली. तिसऱ्यापुढे लिहिलं, जाईन, पण ही बस नको.

ही का नको ते त्यांनी तोंडी सांगितलं. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी डबऱ्याला रोज अपडाउन केलं होतं. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळच्या गाडीने परत. आजही कोणती गाडी केव्हा सुटते ते त्या पेपरात पाहायच्या, लोक भविष्य पाहतात तसं. दुपारी डबऱ्यावरून झाशीकडे जाणारी मेमू, म्हणजे लोकलसारखी पॅसेंजर गाडी, बारा वीसला सुटते. छावनीतून बारा दहाला निघालेली बस पडावच्या गर्दीतून स्टेशनला पोचते बारा पस्तीसला.

"गाडी गेल्यावर तिथे जाऊन काय हमालांना नमस्कार करायचा? सहा माणसं बसतात हेच खूप. तुमच्या ऑफिसात कुणी गाडीचं टाइमटेबल बघितलं का?"

कुणीच बघितलं नव्हतं. बसच्या वेळा बसवाल्यांनी केल्या होत्या आणि गाड्यांच्या गाडीवाल्यांनी, आणि दोन्ही कागद एका टेबलावर कधी आले नव्हते. सीमंतिनी स्वतः दोन वर्षं बसचे तक्ते करत होती आणि ऑफिसला स्कूटीने जात होती.

"तुम्हाला कुठे जायचं असतं, आई?"

"डबऱ्याला. कुशवाह मॅडमना बघायला. आम्ही एकाच डब्यात बसायचो. गेल्या दिवाळीपासून अंथरुणाला आहेत त्या."

"मला कधी बोलला नाहीत."

"तू स्कूटीवर असतेस," आई म्हणाल्या आणि राहिलेल्या कपबशा विसळायला वळल्या.

रविवारी सकाळी आईंनी कोऱ्या कागदांच्या प्रती काढून आणायला लावल्या, पिशवी घेतली आणि बाहेर पडल्या. सीमंतिनी स्कूटीने सोडते म्हणाली तर नको म्हणाल्या. दारोदार थांबायचं असेल तर पायांनीच बरं. चार वाजता त्या परतल्या तेव्हा त्यांच्यामागे जिना चढत एकोणीस बायका आल्या. सतरंजी कालचीच होती. या बायका तिच्या कडेकडेने बसल्या, मधली जागा मोकळी ठेवून, आणि आईंनी दोनदा सांगितल्यावर पुढे सरकल्या.

सगळ्यांत आधी लीलाताई बोलल्या. त्या निवृत्त नर्स. आठवड्यातून तीन दिवस डबऱ्याला लेकीच्या बाळाला सांभाळायला जायच्या आणि त्यासाठी छावनीतून पडाववरून स्टेशनपर्यंत चालायच्या, कारण ई-रिक्षावाला सवारी भरल्याशिवाय हलत नाही आणि गाडी कुणासाठी थांबत नाही. एकीला मोठ्या हॉस्पिटलात महिन्याला दाखवायचं असे आणि ती दोन महिन्यांतून एकदा जाई. एकीने पाच वर्षांत दतियाला दर्शनाला गेले नाही असं सांगितलं, आणि सांगताना उगाचच हसली. पेनं तीनच उरली होती. ती हातोहात फिरत राहिली आणि बायका आपली पाळी येईपर्यंत काय लिहायचं ते एकमेकींना सांगत बसल्या.

तिळगूळ देताना सीमंतिनीच्या हाताशी कालचा करंडा आला. तो उचलावा की ठेवावा हे तिला कळेना. लीलाताई तिच्याकडे बघत होत्या.

"लाव ना," त्या म्हणाल्या आणि कपाळ पुढे केलं.

मग बाकीच्यांनीही लावून घेतलं. दोघी नको म्हणाल्या, त्यांना कुणी आग्रह केला नाही. आईंनी नुसती हळद लावून घेतली. जाताना प्रत्येकीने शेजारपाजारच्यांसाठी चार-दोन कागद नेले, आणि सोमवारी सकाळी ऑफिसला निघायच्या आत जिन्यावरून, खिडकीतून, दूधवाल्याच्या हातून ते परत येत राहिले. शेवटचा कागद आला तेव्हा त्रेपन्न झाले होते.

भदौरियांनी ते एकेक करून उलटले. शनिवारचे सदतीसही तिने सोबत लावले होते. लपवायचं नाही हे तिने ठरवलं होतं. हे सदतीस काय सांगतात आणि त्रेपन्न काय सांगतात ते तिने न अडखळता समजावलं, आणि शेवटी मेमूची वेळ आणि बसची वेळ एका कागदावर एकाखाली एक लिहून पुढे ठेवली. साहेबांनी त्या दोन ओळींवरून बोट फिरवलं. मग त्यांनी विचारलं की आपली दोन माणसं आठ दिवस उभी होती, त्यांना यातली एकही कशी भेटली नाही.

"ये सब थीं कहाँ, मैडम?"

"रसोई में थीं, सर."

साहेब हसले नाहीत. त्यांनी बारा दहावर काट मारून अकरा चाळीस लिहिलं आणि खाली लिहिलं, तीन महिने. त्यानंतर पुन्हा रजिस्टर घेऊन माणसं उभी राहणार, आणि तेव्हा बस रिकामी असेल तर कुणाचंही काही ऐकलं जाणार नाही, हेही त्यांनी स्वच्छ सांगितलं. सीमंतिनीला तेवढं पुरे होतं. तिने घरी फोन केला तर आई म्हणाल्या, अकरा चाळीस ठीक आहे, अकरा पस्तीस जास्त बरं झालं असतं.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी सीमंतिनीचं काम फूलबागेच्या स्टॉपवर होतं. ते लवकर आटोपलं म्हणून पाऊण वाजता ती जेवायला घरी आली. जिना चढून वर गेली तर दाराला कुलूप. ती त्या कुलपाकडे बघतच राहिली. लग्न होऊन अकरा वर्षं झाली होती आणि या घराची किल्ली तिने एकदाही पर्समध्ये ठेवली नव्हती. दार वाजवलं की आई उघडायच्या. तिने घाबरून फोन लावला. पलीकडे चाकांचा खडखडाट होता आणि बायकांचे आवाज.

"आत्ताच आंतरी स्टेशन गेलं," आई मोठ्याने म्हणाल्या. "बसायला जागा मिळाली, लीला खिडकीशी आहे. बसमध्ये मात्र उभंच राहावं लागलं."

"आई, किल्ली कुठेय?"

"माझ्या पर्समध्ये. तू या वेळी घरी येतेस हे मला काय माहीत. संध्याकाळच्या गाडीने आम्ही परत येऊ, सव्वापाचला स्टेशनात असू. तिथून छावनीची बस केव्हा गं?"

सीमंतिनीने मनातल्या मनात तक्ता चाळला. स्टेशनवरून छावनीची शेवटची बस पाच वाजता सुटत होती.

"बघते," ती म्हणाली. मग ती बंद दारासमोरच्या पायरीवर बसली आणि, पोटात कावळे ओरडत असताना, भदौरियांचा नंबर लावला.