पाण्याला भ्यालेली कढई

मी ओढ्याकाठची कढई बोलतेय. बिडाची आहे. दोन माणसं आत सहज बसतील एवढी मोठी. जन्मभर जाळावर बसले, पण आगीला कधी भ्याले नाही. मला भीती पाण्याची.

लॅक्लन मॅकव्हिकरने मला बैलांच्या घसरगाडीवर घालून गोठलेल्या तळ्यावरून या रानात आणलं. खाली बर्फ करकरत होता. "हळू रे राजांनो," तो बैलांना म्हणाला, "हिच्यापायी आपण सगळेच बुडू." पाण्याची भीती तेव्हापासूनची.

लॅक्लन मेपल, एल्मची झाडं तोडून जाळायचा. त्याची बायको एल्स्पेथ ती राख पिंपात भरून वरून पाणी सोडायची. खाली झिरपणारं तपकिरी पाणी माझ्यात आटवायची. आटून काळा चिखल झाला की जाळ वाढवायचा. मग तो वितळून निखाऱ्यासारखा लाल व्हायचा. थंड झाला की फोडून पिंपांत भरायचा. तोच पोटॅश. साबणाला, काचेला लागतो म्हणून बोटीने दूर जायचा.

लॅक्लनची आई ग्रिझेल हसायची. "आमच्याकडे राख उकिरड्यावर टाकतात, सूनबाई. तू तिचं सार करतेस!"

"वाढू का वाटीभर?" एल्स्पेथ म्हणायची.

एका उन्हाळ्यात, भरदुपारी, वारा फिरला. लॅक्लन शेताच्या कडेला फांद्या जाळत होता. ठिणग्या उडून माझ्यावरच्या छपरावर पडल्या. सालींचं छप्पर ते, लगेच धुमसायला लागलं. माझ्यात वितळलेल्या पोटॅशचा लालभडक क्षार गच्च भरलेला. त्यात पाणी पडलं तर तो उसळून चौफेर उडणार, समोरच्याचे डोळे जाणार, कदाचित जीवही. हे एल्स्पेथला ठाऊक होतं, ग्रिझेलला नव्हतं.

आणि ग्रिझेल ओढ्यावरून भरलेली बादली घेऊन धावत आली.

"आई, थांबा! पाणी नको!"

"छप्पर जळतंय आणि म्हणे पाणी नको!"

मला ना हात, ना तोंड. ती बादली वर उचलली जाताना मी फक्त बघत राहिले. एल्स्पेथने सासूला धडक दिली. दोघी मातीत पडल्या. बादली बाहेर उलटली, पण ओंजळभर पाणी माझ्यात आलंच. फाडकन आवाज झाला, आणि उडालेला क्षार एल्स्पेथच्या दंडावर बसला. तिची किंकाळी अजून माझ्या बिडात घुमते.

तेवढ्यात लॅक्लन पोचला. त्याने खांबांना साखळी बांधून बैल हाकले आणि अख्खं छप्पर ओढून बाजूला पाडलं.

ग्रिझेल सुनेचा दंड धरून बसली होती. "मूर्ख पोरी, नीट सांगायचं ना मला."

"सांगितलं की ओरडून. तुम्ही कधी ऐकता?"

मग दोघी एकमेकींना बिलगून रडल्या.

पुढे रान संपलं, राख संपली. मला गोठ्यामागे गुरांना पाणी पाजायला ठेवलं. आता पाणी माझ्या पोटातच राहतं. हिवाळ्यात ते गोठून फुगलं की बीड तडकतं. म्हणून एल्स्पेथ दर वर्षी पानगळ झाली की पहार लावून मला उपडी करायची. त्या भाजलेल्या दंडानेच जोर लावायची.

गेल्या वसंतात तिला टेकडीवर पुरलं. घरात आता नवी माणसं आहेत. चांगली आहेत, पण त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

आज सकाळी माझ्यातल्या पाण्यावर बर्फाची काचेसारखी पातळ साय धरली. वासराने नाकाने ती फोडली आणि गेलं. उद्या ती जाड होईल. या वाटेने कुणी जात असाल, तर जरा थांबा. पहार इथेच भिंतीला टेकलेली आहे. मला उपडी करा.