कानशीचा कबुलीजबाब

मी एक जुनी कानस आहे, लाकडी मुठीची. मित्रांनो, धातू घासणे एवढेच मला येते. घासून गेलेला कण परत चिकटवणे मला कधीच जमले नाही.

चिंचवडच्या एका वर्कशॉपमध्ये मी वीस वर्षे राबले. मग पद्माकरने मला बॅगेत घालून मेलबर्नजवळ टार्निटला आणले. मिक्सर असो की कुलूप, तो म्हणे, "बाहेर कशाला द्यायचं? घरीच करू." काम झाले की माझी पाठ थोपटी. मीही फुशारून जाई.

त्याची मुलगी लीना सोळा वर्षांची, क्लबात पिस्तुलाची नेमबाजी करणारी. तिला राज्याच्या संघात जायचे होते. तिच्या पिस्तुलात रिकामे काडतूस कधीमधी अडके. ते बाहेर ओढणारी एक नखाएवढी आकडी असते, ती नीट धरत नव्हती. पण लॉकडाऊन होता. क्लब बंद, दुरुस्ती करणाराही बंद.

त्यात खंडेनवमी आली. पद्माकरने कपाटाचे कुलूप काढून पिस्तूल पाटावर ठेवले, शेजारी मला. त्याच्या बायकोने, शोभाने, हळदकुंकू वाहिले. पूजा आटोपताच त्याने मला उचलले.

"अरे, आज हत्यारांना विश्रांती असते," शोभा म्हणाली.

"पाच मिनिटांचं काम आहे."

आकडी घासली. अजून दोन हात, म्हणत पुन्हा घासली. मला जाणवले, आता पुरे. पण मी थांबले नाही. थांबणे मला येतच नाही.

क्लब उघडल्यावर पिस्तूल झकास चालले. पद्माकर अर्ध्या हळकुंडाने पिवळा झाला. मार्चमध्ये निवडीची स्पर्धा झाली आणि ऐन वेळी काडतूस दोनदा अडकले. लीनाची निवड हुकली. प्रशिक्षक तिला म्हणाले, "मनगट सैल पडलं, म्हणून अडकलं, मेट." तिने मान डोलावली.

घरी येऊन पद्माकरने पिस्तूल उघडले. आकडीचे टोक बोथट झाले होते, माझ्या दातांच्या खुणा त्यावर स्पष्ट होत्या. त्याने गुपचूप नवी आकडी बसवली आणि मला खणात टाकले. तोंडातून अवाक्षर काढले नाही.

लीना मात्र रोज खिडकीशी उभी राही, पाण्याने भरलेली बाटली हात ताठ करून धरून. मनगट घट्ट करायचे होते तिला. पद्माकर तिथून जाताना मान खाली घाली. खणाच्या फटीतून मी ते पाहत असे आणि मेल्याहून मेल्यासारखी होई.

पुन्हा खंडेनवमी आली. मला खणातून काढून पाटावर ठेवले होते आणि या वेळी हळदकुंकू लीना वाहत होती. तिचे बोट माझ्याकडे आले, तसा पद्माकर म्हणाला, "थांब. तुझं मनगट सैल नव्हतं. ती आकडी मी जास्त घासली होती. मला स्पर्धेच्या दिवशीच कळलं होतं."

लीनाने कुंकवाचा करंडा खाली ठेवला. मग म्हणाली, "सेव्हन मंथ्स, बाबा. रोज बघत होतास तू मला." आणि खोलीत निघून गेली. पद्माकर पाटाशी तसाच बसून राहिला. खूप उशिरा ती बाहेर आली, तिने मला कुंकू लावले आणि त्याच्याशी न बोलता परत गेली.

मित्रांनो, नाजूक काम जाणत्याच्या हाती द्या. तरी चूक झालीच, तर त्याच दिवशी सांगा. मी सात महिने खणात पडून होते. घासणे मात्र एक दिवसही थांबले नव्हते. झिजत होती ती पोर.