माझ्या तोंडचे खोटे टोले

"सूनबाई, हा खिळा हातात धरलास म्हंजी लोकांचा जीव हातात धरलास. उगाच टोला देऊ नको. आन् द्यायचा तवा कुनाला भिऊ नको."

सहादूबाबांचा हा आवाज अजून माझ्या अंगात घुमतो. हे बोलून त्यांनी आपल्या सुनेच्या, भागिरथीच्या, तळहातावर लोखंडी खिळा ठेवला होता. त्याच खिळ्याने ते मला वर्षानुवर्षे वाजवत आले होते.

मित्रांनो, मी एक जुना रुळाचा तुकडा आहे. आज बोरीच्या काट्यात फेकून दिलेला आहे. काटे मला टोचत नाहीत. जे टोचते ते वेगळेच आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

नगरच्या बाजूला माझ्यावरून आगगाड्या धावत. मी झिजलो, तेव्हा मला कापले आणि माझा हा तुकडा बैलगाडीतून जामखेडच्या अलीकडे एका गावच्या शाळेत आला. सहादूबाबा त्या शाळेचे शिपाई. त्यांच्या टोल्यावर मुले धावत येत. बाया चुलीपाशी म्हणत, "रूळ वाजला, तवा तापू द्या." देवळातल्या घंटेइतकाच माझ्यावर लोकांचा विश्वास होता. भागिरथी तर रोज आंघोळ करून मला हळदीकुंकवाचे बोट लावी, मगच तोंडात पाणी घेई. विधवेने कुंकवाला हात लावू नये, असे कुणी म्हणाले, तर ती हळूच म्हणे, "मला लावायचं न्हाई, देवाला लावायचंय."

मग दुष्काळ आला. शाळा ओस पडली. डोंगराखाली पाझर तलावाचे काम निघाले आणि सारे गाव खडी फोडायला गेले. सहादूबाबांना दिसेनासे झाले होते, म्हणून मला तिथल्या बाभळीला टांगून भागिरथीला माझ्यापाशी बसवले. काम एकच. सुरुंग पेटवण्याआधी तीन टोले. पहिल्याला हातोडा खाली ठेवायचा, दुसऱ्याला झाडाच्या झोळीतले लेकरू उचलायचे, तिसऱ्याला टेकडीआड जायचे. कुणी घाई करत नसे, कुणी मागे राहत नसे. इतका माझा शब्द खरा होता.

कामावरचा मुकादम रंगनाथ. भागिरथीचा चुलत दीर. लोकांसाठी येणारा पाण्याचा टँकर तो आपल्या मोसंबीच्या बागेकडे वळवायचा. खडी फोडणाऱ्यांना घागरभर पाणी वाटून प्यावे लागे. जामखेडहून तालुक्याचे साहेब पाहणीला येतील, लोक त्यांना सांगतील, एवढेच त्याचे भय. त्यावर त्याने मलाच हत्यार केले.

माळावर जीपचा धुरळा दिसला की तो ओरडे, "वैनी, तीन टोले! सुरुंग भरलाय!" लोक लेकरे घेऊन टेकडीआड जात. साहेब जीपमधूनच पाहत. रंगनाथ हात जोडून म्हणे, "पुढं येऊ नका, साहेब. कधीबी उडंल." जीप परत फिरे. आणि सुरुंग? सुरुंग भरलेलाच नसे!

एकदा टँकर मोसंबीकडे वळताना भागिरथीने पाहिला. तिचा हात थबकला.

"भावजी, सुरुंग कुटं हाय? मी वाजवनार न्हाई."

"सावलीतलं काम कुनी दिलं तुमाला? घरच्या मानसाशी इमान ठिवा, वैनी. न्हाईतर घ्या हातोडा."

तिने डोळे मिटले आणि टोले दिले. मित्रांनो, त्या दिवशी माझ्या तोंडून जो आवाज निघाला, त्याची मला किळस आली. मला जीभ असती तर मी त्या रंगनाथाच्या तोंडावर थुंकलो असतो.

लोक काय दूधखुळे होते? टोले झाले की खडी फोडणारी गोजरबाई हसायची. "वाजू द्या गं! रंगनाथाचा पावना आला आसंल." हळूहळू बाया जागच्या उठेनात.

आणि एके दुपारी सुरुंग खरा होता.

भागिरथीने तीन टोले दिले. कुणी हलले नाही. तिने पुन्हा दिले, माझे अंग फुटेल असे दिले. "मालन, ऊठ! खरं हाय गं! देवाशपथ खरं हाय!"

"तुझा दीर आन् तू," मालनबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "जीप कुटंय ते तरी दाव."

मग मालनबाईला सुरुंगाच्या वातीचा धूर दिसला. ती आपल्या लेकराच्या झोळीकडे धावली, लेकरू पोटाशी घेऊन त्याच्यावर ओणवी झाली. धोंडा तिच्या उजव्या हातावर आला. लेकरू वाचले. हात मनगटापासून गेला.

रंगनाथाने साहेबांपुढे काय सांगावे? "टोला झालाच न्हाई. बाई झोपली हुती." सगळ्यांनी टोले ऐकले होते. पण कामावरून काढीन अशी धमकी होती, आणि काम गेले तर चूल विझणार. माना खाली गेल्या. त्याच संध्याकाळी त्याने दोर कापून मला खिळ्यासकट या काट्यात फेकले.

मित्रांनो, मी लोखंड आहे. मला खरे-खोटे बोलता येत नाही, मला फक्त वाजता येते. माझ्यावर विश्वास ठेवणाऱ्यांना फसवले ते माणसाने. पाणी चोरले ते वाईटच. पण लोकांचा विश्वास चोरला, त्याची भरपाई कुठल्या टँकरने होणार? तुमच्या हाती कधी घंटा आली, शिट्टी आली, नुसता चार लोक मानतात असा शब्द आला, तरी तो दुसऱ्याच्या लबाडीसाठी उसना देऊ नका. घरचा माणूस मागायला आला, तरी देऊ नका.

काल भागिरथी जखमी मालनबाईच्या उशाशी बसून आली, हे मला ठाऊक आहे. कारण आज उजाडताना ती या काट्यात शिरली. लुगडे फाटले, हातावर ओरखडे उठले. तिने मला बोट लावले आणि पुटपुटली, "मालनला शब्द दिलाय. तीन टोले झाले हुते, आन् त्याआदीचे खोटे हुते. सायबाला दोन्हीबी सांगनार."

आज तिचा सोमवार. पोटात काही नाही. रस्त्यावर रंगनाथ उभा होता. "वैनी, सकाळच्या पारी कुटं निगाल्या?"

तिने माझ्याजवळून उचललेला खिळा पदरात बांधला, गाठ दातांनी घट्ट केली आणि जामखेडच्या वाटेला लागली.